पावसाची वही आणि चारशें कामें

प्रयोगशाळेच्या मागल्या अंगणांत, चिंचेच्या झाडापासून बेताचें अंतर राखून एक पर्जन्यमापक उभा आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्यावर चेंडू आदळल्याबद्दल कित्येकांनीं आमच्याकडून बोलणींहि खाल्लीं आहेत. परंतु त्या पर्जन्यमापकाची वही किती जणांनीं पाहिली असेल? इ. स. १९८६ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून इ. स. २०१८ च्या डिसेंबरअखेर, रोज सकाळीं साडेआठ वाजतां, आमच्या शाळेच्या शिपाईमामांनीं त्यांतील पाणी मापलें आणि लिहून ठेविलें. तेहतीस वर्षें, म्हणजे १२,०५३ दिवस. त्यांत नाताळ आले, दिवाळ्या आल्या, मामांच्या कन्येचें लग्नहि आलें. चारच रकाने कोरे आहेत; मामांस विषमज्वर झाला होता तेव्हांचे ते दिवस. तेथें त्यांनीं शून्य मांडलें नाहीं. रकाना तसाच कोरा ठेविला. या कोऱ्या रकान्यांकडे आम्हांस पुढें पुन्हां यावयाचें आहे.

इ. स. २०१९ सालीं मामा सेवानिवृत्त झाले आणि वही तेथेंच थांबली.

मामांचें एक ठाम मत होतें. ते म्हणत, "पूर्वीचा पाऊस मुरायचा, सर; हल्लींचा नुसता कोसळतो." असें मत अनेक वृद्धांचें असतें, व वृद्धांस आपल्या तरुणपणींचें सगळेंच मुरणारें वाटतें, हेंहि खरें. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००६ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत मध्य भारतांत इ. स. १९५१ ते २००० या काळांत अतिवृष्टीचे प्रसंग वाढल्याचें दाखविलें आहे. तेव्हां मामांचें म्हणणें आमच्या घाटाच्या पायथ्याच्या गांवीं, त्यांच्याच वहीवरून, पारखून पाहावें असें आमच्या मनानें घेतलें. इयत्ता नववीच्या मुलांमुलींनीं दोन महिने खपून ती सारी वही संगणकांत उतरविली. मामा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जूनअखेर नाशकास लेकीकडे कायमचे जाणार होते. "जाण्यापूर्वीं तुम्हांला उत्तर सांगूं," असें आम्ही त्यांस भर वर्गांत, मुलांसमक्ष, वचन देऊन बसलों. ही गोष्ट इ. स. २०२३ च्या मार्च महिन्यांतली.

आतां हिशेब कसा करावयाचा, तें थोडक्यांत सांगतों. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला कीं हवामान विभाग त्यास 'भारी पाऊस' म्हणतो. असे दिवस दर वर्षीं किती झाले तें मोजावें, आणि ते वाढत चालले आहेत काय तें पाहावें. परंतु वाढ दिसली तरी ती केवळ योगायोगाची नसेल कशावरून? म्हणून तेहतीस वर्षांच्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसाव्या, पुन्हां मांडाव्या, पुन्हां मोजावें. असें दहा लक्ष वेळां करावें, आणि खऱ्या क्रमाइतकी वाढ नुसत्या पिसण्यानें किती वेळां दिसते तें टिपावें. तेंहि बाराहि महिन्यांसाठीं व पांच निरनिराळ्या मर्यादांसाठीं वेगवेगळें. शिवाय आमचें गांव एकटें घेऊन भागत नव्हतें. आसपासचा प्रदेश ताडून पाहावयास हवा होता. भारतीय हवामानशास्त्र विभागापाशीं इ. स. १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटवार नोंद आहे. तींत अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा एकेक चौरस असतो. त्यांतले चारशें चौरस आम्ही निवडले. एका चौरसास आमच्या घरच्या संगणकावर चाळीस मिनिटें लागत. चारशें चौरसांचीं १६,००० मिनिटें होतात, म्हणजे अकरा दिवस-रात्र. आणि आमच्या गांवीं वीज अकरा तास सलग राहिली तरी आम्ही देवाचे आभार मानतों.

सुदैवानें त्या उन्हाळ्याच्या सुटींत एका संशोधनसंस्थेनें आम्हां शिक्षकांपैकीं कांहींस आपल्या संगणकांवर काम करण्याची मुभा दिली होती. तेथें एकच मोठा संगणक नसून पुष्कळ संगणकांचा एक समूह असतो. त्यास क्लस्टर म्हणतात. कोणतें काम कोणत्या संगणकानें केव्हां करावें हें ठरविणारी व्यवस्था तेथें 'एचटीकॉन्डॉर' नांवाची होती. कॉन्डॉर हें अमेरिकेंतील एका प्रचंड गिधाडाचें नांव. अमेरिकेंतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठांत इ. स. १९८८ सालीं हिचा आरंभ झाला. लोक घरीं गेल्यावर त्यांचे संगणक मेजांवर निकामी बसून राहतात, त्यांजकडून इतरांचीं कामें करून घ्यावीं, हा मूळ विचार, आणि इ. स. २०१२ पासून तिच्या नांवामागें 'एचटी' हीं अक्षरें लागलीं.

विद्यार्थ्यांस ही व्यवस्था समजावी म्हणून आम्ही गिरणीची उपमा देतों. दळणाचा डबा आपण गिरणींत ठेवून येतों. गिरणीवाला रांगेनें दळतो. पीठ तयार झालें म्हणून तें चालत आपल्या घरीं येत नाहीं. आपणच जाऊन आणावें लागतें. दूर अंतरावरून कॉन्डॉरकडे काम धाडलें, तर त्याचें फळ, म्हणजे ज्या फायली निर्माण होतात त्या, तेथल्याच एका कोठारांत पडून राहतात. ठरीव रिवाजानें त्यांस ८,६४,००० सेकंदांची मुदत असते. मुलांनीं भागाकार करून पाहावा: बरोबर दहा दिवस. त्या मुदतींत धन्यानें त्या नेल्या नाहींत, तर काम रांगेंतून काढलें जातें आणि कोठारहि झाडून स्वच्छ होतें.

हें सारें सूचनापत्रांत लिहिलेलें होतें. आम्ही तें वाचलेंहि होतें. परंतु परीक्षेचा पेपर वाचून उत्तर लिहूं लागणाऱ्या मुलाप्रमाणें, वाचलें आणि पुढें गेलों.

एके शनिवारीं रात्रीं चारशें कामें धाडलीं. रविवारीं उपासना आटोपून येऊन पाहतों तों बहुतेक सर्व पुरीं झालेलीं! अकरा दिवसांचें काम एका रात्रींत! त्या आनंदांत आम्ही मंडळींस म्हटलें कीं आतां निश्चिंतपणें माहेरीं जाऊन येऊं. सासूबाईंची प्रकृति बरी नव्हतीच. तेथें बारा दिवस राहिलों. परत येऊन रांग पाहिली ती रिकामी. रिकामी रांग म्हणजे सर्व काम संपलें, असें मानून आम्ही आपल्या संगणकांत निकाल शोधूं लागलों. एक फाईल नाहीं. पुन्हां शोधलें, तिसऱ्यांदा शोधलें. मग सूचनापत्र उघडलें, तेव्हां त्या दहा दिवसांच्या ओळीवर दृष्टि पडली.

संस्थेंत एक तरुण संशोधिका आमच्या मदतीस नेमलेल्या होत्या. वयानें आमच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांस लाजत लाजत दूरध्वनि केला. त्या म्हणाल्या, "सर, वाईट वाटून घेऊं नका, हें प्रत्येकाचें एकदां होतं. पण हातानं आणायच्या भानगडींत पडूं नका. आणण्याचं कामहि प्रोग्रामलाच सांगा." कॉन्डॉरशीं पायथन भाषेंतून बोलतां येतें. तिला विचारावयाचें, आमच्या कोणत्या कामांची स्थिति '४' आहे? प्रत्येक कामास तेथें एक अंक असतो: १ म्हणजे वाट पाहत आहे, २ म्हणजे चालूं आहे, ३ म्हणजे काढून टाकलें, ४ म्हणजे संपलें, ५ म्हणजे अडकलें. ज्यांची स्थिति ४, त्यांच्या फायली मागवून घ्यावयाच्या. मग तीं कामें रांगेंतून काढून टाकावयाचीं. अर्ध्या तासानें पुन्हां विचारावयाचें. इतकें काम बारा-पंधरा ओळींत होतें.

आम्हीं तसा प्रोग्राम लिहिला. चारशें कामें पुन्हां धाडलीं, आणि या खेपेस रात्रभर संगणकापाशीं बसलों. पडद्यावर 'आणलें', 'आणलें', असे शब्द एकामागून एक उमटत होते. पहांटे मोजणी पुरी झाली, तेव्हां आम्हीं मंडळींस उठवून चहा करावयास सांगितलें. मंडळींनीं चहा ठेवला आणि विचारलें, "मग पाहूं द्या तरी काय आलं." फोल्डर उघडला. त्यांत एकच फाईल होती.

कारण सांगतों. आमच्या प्रत्येक कामाच्या निकालाच्या फाईलीस आम्हीं एकच नांव दिलें होतें: 'निकाल'. कॉन्डॉरच्या कोठारांत प्रत्येक कामाचा कप्पा वेगळा, म्हणून तेथें चारशें 'निकाल' शेजारीं शेजारीं सुखानें नांदत होते. परंतु ते घरीं येतांना सारे एकाच फोल्डरांत उतरले, आणि प्रत्येकानें आधींच्याची जागा घेतली. चारशें डब्यांचें पीठ एकाच डब्यांत ओतावें, आणि दर वेळीं आधींचें बाहेर फेंकावें, तसें झालें. आणि आणून होतांच आमच्याच प्रोग्रामानें कामें रांगेंतून काढून टाकलीं असल्यामुळें, कोठारांतहि कांहीं उरलें नव्हतें. पहिल्या खेपेस आमचा आळस तरी होता. या खेपेस आम्हीं मोठ्या तत्परतेनें, स्वतःच्या हातानें, तीनशें नव्याण्णव चौरसांचा नाश केला होता.

मंडळी कांहीं बोलल्या नाहींत. चहा मात्र चांगला झाला होता.

पांच भाकरींची गोष्ट आम्ही दर वर्षीं शास्त्राच्या तासाला सांगतों. मुलांस त्यांत भाकरी वाढल्या त्याचें नवल वाटतें. आम्हांस त्या सकाळीं बारा टोपल्या घेऊन गवतांतून तुकडे वेंचीत फिरणारे ते शिष्य आठवले. इतकें अन्न निर्माण झाल्यावरहि तें वेंचण्यास कोणास तरी वांकावें लागलेंच.

मुभेची मुदत मेअखेर संपत होती. संशोधिकाबाईंनीं रदबदली करून ती पंधरा दिवस वाढवून घेतली. आम्हांस त्यांचे उपकार मानावयास शब्द सांपडले नाहींत. तिसऱ्या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. प्रत्येक फाईलीच्या नांवांत कामाचा क्रमांक घातला. आणि मुख्य म्हणजे, आणणें व काढून टाकणें यांच्या मध्यें एक पायरी घातली. फाईल आली कीं ती उघडावी. तिच्यांत साठ ओळी आहेत काय तें मोजावें, कारण बारा महिने व पांच मर्यादा मिळून साठ ओळी असावयासच पाहिजेत. काम संपतांना त्यानें सांगितलेला शेवटचा अंक शून्य आहे कीं नाहीं तें पाहावें. हा शेवटचा अंक फार बोलका असतो. स्थिति ४ म्हणजे काम 'संपलें' एवढेंच. यशस्वी झालें असें नव्हे. मूल पेपर देऊन वर्गाबाहेर आलें म्हणजे पास झालें असें कोण म्हणेल? काम नीट पार पडलें तर तें शून्य सांगतें. बिघडून बंद पडलें तर बहुधा एक किंवा दुसरा एखादा अंक सांगतें. हें सर्व जुळलें तरच तें काम रांगेंतून काढावें. नाहीं जुळलें तर आहे तेथेंच असूं द्यावें.

या पायरीमुळें सतरा कामें दाराशींच अडलीं. त्यांचा शेवटचा अंक एक होता. चुकांची फाईल निकालाबरोबरच येते. ती वाचली तेव्हां उलगडा झाला. निवडतांना आमची बोटें नकाशावर किनाऱ्यापलीकडे गेलीं होतीं, आणि हे सतरा चौरस अरबी समुद्रांत होते! समुद्रावर नोंद नाहीं, म्हणून विभागाच्या फायलींत तेथें उणें ९९९ हा अंक असतो. पाऊस उणा पडत नाहीं. म्हणून 'येथें नोंद नाहीं' असें सांगण्यास तो सोयीचा. आमचा प्रोग्राम त्यास अडखळून थांबला, हें बरेंच झालें. पुढें आम्हांस धास्ती वाटली म्हणून मुलांनीं उतरविलेली मामांची वहीहि तपासली. तेथें त्या चार कोऱ्या रकान्यांत मुलांनीं शून्यें भरलेलीं होतीं. मामा आजारी होते ते दिवस आमच्या संगणकाच्या हिशेबीं कोरडे ठरले होते. तीं शून्यें काढून तेथें उणें ९९९ घातलें, आणि तो अंक वगळावा असें प्रोग्रामास सांगितलें.

तीनशें ब्याऐंशी फायली आल्या, सतरा समुद्रांत गेल्या. बेरीज तीनशें नव्याण्णव. एक कोठें? आमचा प्रोग्राम दर अर्ध्या तासानें विचारी, 'चौथ्या स्थितींतील कांहीं आहे काय?' आणि उत्तर येई, 'नाहीं.' आम्हीं आधींच्या अनुभवानें इतकें तरी शिकलों होतों कीं 'आणखी कांहीं मिळत नाहीं' येथें थांबावयाचें नाहीं, 'चारशें भरलीं' येथेंच थांबावयाचें. म्हणून सर्वच स्थिति विचारल्या. एक काम पांचांत होतें, अडकलेलें. आणि तें कोणतें? आमच्याच गांवाचा चौरस! त्यास शाळेची वही जोडलेली असल्यामुळें इतरांपेक्षां अधिक स्मृति लागली, आम्हीं मागितली होती तिच्यापेक्षां अधिक. म्हणून व्यवस्थेनें तें रोखून धरलें. ज्यासाठीं हा सारा खटाटोप, तें काम कोपऱ्यांत मुकाट उभें होतें, आणि आम्ही त्याची विचारपूसच करीत नव्हतों. रोखण्याचें कारण कॉन्डॉर लिहून ठेवीत असते. तें वाचून, स्मृतीची मागणी दुप्पट करून, काम पुन्हां सोडलें. दुरुस्त केलेली वही आधींच घातली होती. तासाभरानें त्याचा निकाल आला: साठ ओळी, शेवटचा अंक शून्य.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत आम्ही मामांकडे गेलों. बरोबर नववीच्या दोन मुली होत्या. आतां त्या दहावींत गेल्या होत्या. मामा काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते, सामानाची बांधाबांध झालेली होती. आम्हीं त्यांस खरें तें सांगितलें. वहींत भारी पावसाचे दिवस शेवटच्या वर्षांत किंचित् अधिक दिसतात. परंतु तेवढी वाढ नुसत्या चिठ्ठ्या पिसूनहि पुष्कळदां दिसते. तेव्हां त्यांचें म्हणणें खोटें ठरलें नाहीं, आणि खरेंहि ठरलें नाहीं.

"म्हणजे वही वायांच गेली म्हणा."

"नाहीं मामा. एका गांवच्या पावसाला तेहतीस वर्षें अपुरीं पडतात. आणखी वर्षें हवींत."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं विचारलें, "मी गेल्यापासून कोण लिहितंय?"

आम्ही उत्तर दिलें नाहीं. मुली आमच्या तोंडाकडे पाहूं लागल्या. आमचे चारशें निकाल दोनदां नष्ट झाले, तरी तिसऱ्यांदा ते मिळाले. रात्रभर जागावें लागलें, इतकेंच. इ. स. २०१९ च्या जानेवारीपासून त्या दिवसापर्यंत आमच्या अंगणांत पडलेला पाऊस कोणत्याहि क्लस्टरला पुन्हां काढून देतां येणार नव्हता. साडेचार वर्षें आम्ही त्या पर्जन्यमापकाजवळून रोज गेलों होतों.

"कुणी नाहीं लिहिलं," मामाच म्हणाले. "मला दिसतच होतं येतां-जातां. झांकण गंजलंय त्याचं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते लेकीच्या हाताला धरून शाळेंत आले. मुलींपैकीं एकीनें पाणी मापाच्या पेल्यांत घेतलें, डोळ्याच्या पातळीस धरून वाचलें, आणि ओतण्यासाठीं पेला कलता केला.

"अजून ओतूं नको, बाळ," मामा म्हणाले. "आधीं लिही. मग पुन्हां पेल्यांत बघ, लिहिलं तेंच आहे का. मग ओत."

तिनें लिहिलें, पुन्हां पाहिलें, आणि पाणी चिंचेच्या बुंध्याशीं ओतलें. त्या दिवशींचा पाऊस ११.४ मिलिमीटर होता.